तीन बाय दोन

फेब्रुवारीतली दुपार होती. अडीच वाजले असतील. आमच्या इंदापूरच्या घराची पुढची खोली म्हणजे अण्णांचं ऑफिस. त्याच्या पायरीवर वहाणा काढल्याचा आवाज आला आणि दारात एक आजोबा उभे राहिले. धोतर, मळका फेटा, हातात सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी. "मोजणीवाले अण्णा हायती का?" अण्णा आत झोपले होते. मी म्हटलं, मी त्यांची मुलगी, बसा. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं, फेट्याच्या शेवटानं तोंड पुसलं आणि सावकाश सांगायला लागले. धरणाचं पाणी यायच्या आधी अण्णांनी त्यांचं नदीकाठचं रान मोजलं होतं. सर्व्हे नंबर तीन बाय दोन, म्हणजे तीन नंबरातला दुसरा हिस्सा. त्याचा कागद मिळाला तर बघायचा होता. मला आतून आनंद झाला, कारण तीन आठवड्यांपासून मी अण्णांच्या मोजणीवह्या कॉम्प्युटरमध्ये भरत होते आणि त्यातलं काही मागायला आलेला हा पहिलाच माणूस होता. गाव निवडलं, ३/२ शोधलं. काही आलं नाही. पुन्हा शोधलं. "नाही हो आजोबा, त्याची नोंद आमच्याकडे नाही." ते "बरं" म्हणाले. पिशवी उचलली आणि गेले. नाव विचारायचं मला सुचलं नाही, फोन नंबरही नाही.

तीन दिवसांनी कळलं, नोंद होती.

झालं होतं असं. भरण्याचं काम आम्ही दोघी करत होतो, मी आणि माझ्या मावसभावाची मुलगी, तिच्या कॉलेजच्या सुट्टीत. दोघींचे लॅपटॉप वेगळे. माझ्यावर आपल्याकडच्या पद्धतीची तारीख, म्हणजे आधी दिवस मग महिना. तिच्यावर अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. स्प्रेडशीटमध्ये ३/२ टाइप करून एंटर दाबलं की चौकटीला वाटतं, ही तारीख. माझ्याकडे ३/२ ची '३-फेब' झाली होती, तिच्याकडे '२-मार्च'. आणि माझ्याकडचा २/३ नंबर, जो गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तोही '२-मार्च' झाला होता. दोघींच्या फायली एकत्र केल्यावर दोन वेगळी रानं एकाच तारखेत जाऊन बसली. मी ते पाहिलं तेव्हा हात गार पडले. शंभरावर ओळी होत्या अशा. सगळ्या पुन्हा वह्यांवरून ताडून पाहाव्या लागल्या, आणि त्या ताडण्यातच आजोबांचं तीन बाय दोन सापडलं. १९७८ सालच्या वहीत, डाव्या पानावर, अण्णांच्या तिरक्या अक्षरात.

अण्णांच्या त्या वह्यांविषयी सांगायला हवं. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, खिशात मावतील अशा. चाळीसेक वर्षांच्या मिळून एकशे सव्वीस आहेत. काहींना अजून मातीचा वास येतो, काहींना बिडीचा. अण्णा विडी ओढत नसत, पण साखळी धरणारा गडी ओढायचा आणि दुपारी वही उशाला घेऊन झोपायचा. पानाच्या मधोमध खालून वर जाणारी एक रेघ, ती मोजणीची पायारेषा. तिच्या डावी-उजवीकडे बांधापर्यंतचे लंब. अण्णांचे गुरू निवृत्त सरकारी मोजणीदार होते, त्यामुळे अण्णा टिपणाच्या जुन्या रीतीनं शिकले: तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. लहानपणी मी त्या साखळीच्या कड्या मोजायचे आणि मला वाटायचं, जमीन पैशात मोजतात. मोठेपणी कळलं की ते तितकंसं चुकीचंही नव्हतं.

मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात बारा वर्षं ले-आउटचे नकाशे काढले. प्लॉटची चौकट, रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, सगळं पडद्यावर. अण्णांचे गुडघे गेले, त्यांनी टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि मी शनिवार-रविवार इकडे यायला लागले. पहिल्यांदा फक्त कागद आवरायचे होते. वह्या, ट्रेसिंग कापडावरचे नकाशे, मोजणीच्या 'क' प्रतींच्या झेरॉक्स, गटबुकाचे उतारे, फाळणीचे नकाशे, जुन्या आकारबंदाच्या नकला. लोखंडी ट्रंकेत वाळवी नव्हती पण कसर होती, आणि कागद घडीवर फाटत होते. मग वाटलं, नुसतं आवरून काय होणार, सापडलं पाहिजे. गावाचं नाव आणि नंबर टाकला की कागद समोर यावा. एवढीच इच्छा. ती पुरी करायला एक तक्ता पुरेल असं मला वाटलं: गाव, नंबर, मालक, क्षेत्र, तारीख.

यातला एकही रकाना वाटला तितका सरळ निघाला नाही.

क्षेत्राचंच घ्या. जुन्या वह्यांत १-२० लिहिलेलं असतं, म्हणजे एक एकर वीस गुंठे. कुठे कुठे तेच १.२० असं टिंब देऊन लिहिलंय. नंतरच्या वह्यांत हेक्टर-आर आलं, शंभर आरचा एक हेक्टर, तिथेही १.२०, पण हा एक हेक्टर वीस आर. पहिलं म्हणजे साठ गुंठे, साधारण ६,०७० चौरस मीटर. दुसरं १२,००० चौरस मीटर. कागदावर दोन्ही जुळी भावंडं. शिवाय हेक्टरातलं १.२० हा खरा दशांश आहे, एकरातला नाही; एकरातला दीड एकर आहे. त्याची यंत्राकडून बेरीज करून घेतली तर दर ओळीला जमीन गळते. आणि पायारेषेवर ७-५ लिहिलेलं असतं ते ना एकर ना हेक्टर, सात साखळ्या पाच आणे. मी शेवटी दोन रकाने केले. एकात वहीत जसं लिहिलंय तसंच्या तसं, अक्षर म्हणून. त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात माझं रूपांतर, चौरस मीटरमध्ये. माझं चुकलं तर पहिला रकाना साक्षीला राहील. हिस्सा नंबरांनाही तेच केलं, ते आकडे नाहीतच, ते नाव आहे. ११२/१/अ/२ यात कसली बेरीज आणि कसला भागाकार! ती एका घराच्या वाटण्यांची वंशावळ आहे.

वाटण्यांचं गणित मला फार आवडलं. तिघा भावांत सारखी वाटणी असेल तर जुन्या कागदात प्रत्येकाच्या नावापुढे पाच आणे चार पै लिहितात. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, तिघांच्या चौसष्ट-चौसष्ट. बरोबर पूर्ण रुपया. मी आधी तिथे ०.३३ लिहीत होते. तीन भावांचे मिळून ०.९९. उरलेला शतांश कुणाचा? एकरभरात तो निम्म्या गुंठ्याच्या जवळ जातो, आणि आमच्या भागात निम्म्या गुंठ्यावरून लोक तीस-तीस वर्षं कोर्टाच्या तारखा करतात. म्हणून आता माझ्या डेटाबेसात हिस्सा '१९२ पैकी ६४' असा राहतो. ज्यानं कुणी आणे-पैचा हिशेब जमिनीला लावला, त्याला तीन भाऊ, चार भाऊ, सहा भाऊ असलेली घरं ठाऊक होती.

इंदापुरात बसून हे काम करण्याला आणखी एक अर्थ आहे, तो मला उशिरा जाणवला. शेताला नंबर, हद्दीला दगड आणि तीस वर्षांसाठी ठरवून दिलेला सारा, ही मुंबई इलाख्यातल्या मोजणीची घडी याच तालुक्यात बसली. १८३६ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांच्या हातून. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली मोजणी होती. तिचे दर रयतेला झेपले नाहीत आणि रानं पडीक पडली. नव्या पद्धतीत नंबर जमिनीला चिकटला, माणूस बदलला तरी नंबर तोच. अण्णा तरुण असताना अजून जुने हद्दीचे दगड सापडत, बांधात अर्धे गाडलेले, आणि म्हातारी माणसं त्यांना शेंदूर लावत. मग एकत्रीकरण आलं, १९४७ च्या कायद्यानं. तुकडे जोडले, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. त्या वेळी कागदावर झालेल्या चुका अजून निस्तरतायत. जो नंबर कायमचा म्हणून दिला होता, तोही कायमचा राहिला नाही. आणि डेटाबेस सुरू करताना पहिला प्रश्न तोच येतो: या ओळीला कशावरून ओळखायचं? मालकावरून नाही, तो बदलतो. नंबरावरून नाही, तो फुटतो. क्षेत्रावरून तर नाहीच.

याचं उत्तर मला एका भांडणानं दिलं. एका गटाच्या दोन मोजण्या वह्यांत निघाल्या. १९८६ ची आणि २००४ ची. क्षेत्रात साडेतीन गुंठ्यांचा फरक. मी दोन्ही वह्या घेऊन अण्णांच्या खाटेपाशी गेले. "अण्णा, यातलं बरोबर कुठलं? एकच ठेवायचंय मला." त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं बराच वेळ पाहिली. "दोन्ही बरोबर आहेत." "असं कसं?" "अगं, शहाऐंशीत बांध बाभळीच्या अलीकडं होता. मधे धाकट्यानं तीन पावसाळे नांगर थोडा थोडा रेटला. मी दोन्ही वेळा जिथं बांध दिसला तिथपर्यंत मोजलं. मी काय त्यांचा न्याय करायला गेलो होतो?" मग थोडं थांबून म्हणाले, "हद्द ठरवायला भूमी अभिलेखचा भूकरमापक आहे, त्याच्या नोटिसा निघतात, लगतदार सह्या करतात. माझ्याकडं लोक यायचे ते आज काय आहे ते बघायला."

आज काय आहे ते. त्या रात्री मी तक्ता मोडला आणि नव्यानं मांडला. आता माझ्याकडे जमिनीची ओळ नाही, मोजणीची ओळ आहे. अमुक दिवशी, अमुक माणसानं, अमुक साधनानं, अमुक दगडापासून सुरुवात करून हे पाहिलं. एकाच रानाच्या चार मोजण्या असतील तर चार ओळी, एकीनंही दुसरीला खोडायचं नाही. जागा वेगळ्या तक्त्यात, तिची जुनी-नवी नावं तिसऱ्यात, सालासकट: या सालापर्यंत सर्व्हे नंबर, तिथून पुढे गट, तिथून पुढे गटाचे हिस्से. कागद चौथ्यात, कुठल्या ट्रंकेत, कितवं पान. हे सगळं पोस्टजीआयएस या डेटाबेसात ठेवलं आणि नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही चांगली आहेत. मी स्वच्छपणे सांगते, ज्या कुणाला घरातले असे कागद लावायचे असतील त्यांनी स्प्रेडशीटमध्ये पहिली ओळ भरायच्या आधी आठवडाभर नुसत्या वह्या वाचाव्यात. मी तो आठवडा वाचवला आणि एका म्हाताऱ्या माणसाला परत पाठवलं.

तारखेच्या रकान्यानंही बरंच शिकवलं. अण्णांच्या वह्यांत तारीख असतेच असं नाही. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी'. 'ऊस तुटल्यावर'. 'गावची जत्रा होऊन गेली'. आमच्याकडे मोजणीचा हंगामच मुळी ऊस ठरवतो. उभ्या उसात समोरचं काही दिसत नाही, रेघ जाणार कुठून? यंत्राला 'ऊस तुटल्यावर' चालत नाही. म्हणून तिथेही जसं लिहिलंय तसं, आणि शेजारी माझा अंदाज, कधीपासून कधीपर्यंत.

नकाशावर पहिला चौकोन चढवला त्या दिवशीचं मात्र सांगितलंच पाहिजे. अण्णांनी शेवटच्या वर्षांत टोटल स्टेशननं मोजलेला एक प्लॉट, बरोबर शंभर मीटर बाय शंभर मीटर. मी तो यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट नकाशा करायच्या पद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात बसवला आणि सपाट नकाशावरून क्षेत्र काढलं: ९,९९२ चौरस मीटर. अण्णा मागे काठी टेकून उभे होते. "आठ मीटर कुठं गेले?" त्यांचा आवाज चढला होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. पट्टा सपाट करताना मधल्या रेखांशावर माप मुद्दाम थोडं आखडतात, हजारला ९९९.६, म्हणजे किलोमीटरमागे चाळीस सेंटिमीटर. आमच्या पट्ट्याचा मधला रेखांश ७५ अंश, आणि तो इंदापुरावरून गेल्यासारखाच आहे. आखडणं सगळ्यात जास्त आपल्याच दारात. हेक्टरमागे आठ चौरस मीटर. त्यांनी ते ऐकून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिला, आणि मान हलवली. "मग तुझ्या नकाशावरचं क्षेत्र लोकांना देऊ नकोस. जमिनीवरचं दे." ती सूचना मी क्षेत्राच्या रकान्याला जोडून ठेवली आहे, त्यांच्याच शब्दांत.

हे सगळं होत असताना आजोबा डोक्यातून जात नव्हते.

धरणाच्या लोकांचं दुःख आमच्या तालुक्यात नवीन नाही. १९८० साली उजनीचं पाणी अडलं आणि भीमाकाठची गावं खाली गेली. भिगवणला फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गाड्या येतात, त्या पाण्याखाली बांध आहेत, विहिरी आहेत, पाणंदी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो पेपरात छापून येतात. पण देवळाबरोबर माणसांची रानंही वर येतात, आणि ज्यांची असतात ती माणसं गुपचूप जाऊन बघून येतात. माझ्या डेटाबेसात अशा एकाहत्तर मोजण्या निघाल्या. त्यांना 'रद्द' म्हणायचं का, यावर मी फार विचार केला. सातबाऱ्यावर त्या रानांचा मालक आता सरकार आहे. कुणी ते परत मोजणार नाही. तरी मी एकाही ओळीवर रद्द लिहिलं नाही. एक रकाना वाढवला: पाण्याखाली, सालापासून.

आजोबांना शोधायला दोन रविवार लागले. पुनर्वसित गावठाण रस्त्याच्या कडेला आहे, सरळ गल्ल्या, सारख्या आकाराचे प्लॉट. जुन्या गावचं नाव आणि सिमेंटच्या पोत्याची पिशवी एवढ्या खुणांवर तिसऱ्या घरात पत्ता लागला. मी ओट्यावर उभी राहून सांगितलं की नोंद होती, मला सापडली नव्हती, चूक माझी. ते रागावले नाहीत. मला वाटतं, ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हीर कुठं ते घावंल का?"

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. अण्णाही आले, गाडीतून, छत्री घेऊन. पाणी बरंच आत सरकलं होतं. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, सडक्या जाळ्यांचा वास, आणि लांबवर मारुतीच्या देवळाचा दगडी चौथरा, वरचं काही न उरलेला. अण्णांची एक सवय होती: मोजणी सुरू करायची ती न हलणाऱ्या वस्तूपासून. त्या दिवशीच्या पानावर पहिली ओळ होती, 'देवळाचा आग्नेय कोपरा'. तिथून पायारेषा, दिशा होकायंत्रावरची, अंतरं साखळ्या-आण्यांत. मी ते सगळं मीटरमध्ये करून आणलं होतं. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र, धरला आणि निघाले. आजोबा माझ्या पुढे चालत होते. पायात वहाणा नव्हत्या, गाळ घोट्यापर्यंत. यंत्र पाहायला मान खाली घातली की ते थांबत, मान वर केली की पुढे निघत. त्यांना वाट ठाऊक होती.

विहीर दिसली नाही. गाळानं भरून सपाट झाली असणार. यंत्र म्हणत होतं ती जागा आणि आजोबा जिथे उभे राहिले ती जागा यांत सहा-सात मीटरचं अंतर होतं. १९७८ ची साखळी आणि होकायंत्र, पाण्यात बेचाळीस-पंचेचाळीस वर्षं. इतका फरक येणारच. कुणाची जागा धरायची ते मला कळेना. मी दोन्ही ठिकाणी बिंदू घेतले.

मग मी त्यांना वहीच्या त्या पानाची रंगीत प्रत दिली. त्यांनी क्षेत्र विचारलं नाही. कागद डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला. "हिरीवर चिंच व्हती आमची. मोठी. ती काय ह्यात न्हाई." मी काही बोलायच्या आत अण्णांनी छत्रीखालून हाक मारली, "शेरा बघा, शेरा. खालच्या अंगाला." मी कागद त्यांच्याकडून घेऊन वाचून दाखवला: 'साखळी चौथी. मध्ये चिंच, आरपार दिसत नाही. वळसा घेऊन मोजले.' आजोबांनी कागद परत घेतला आणि त्या ओळीवर अंगठा ठेवून म्हणाले, "पुन्यांदा वाचा."